कांद्याच्या मुळांची हजामत

सुभेदार कृष्णात खोत यांनी लष्करातल्या सगळ्या नोकरीत न पाहिलेल्या गोष्टीची खबर कधी दिली नव्हती. पहाऱ्यावर असताना धुक्यात काही हललं, तर ‘काहीतरी हललं’ एवढंच वर कळवायचं. गाय होती, माणूस होता की नुसतं झुडूप, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. या सवयीपायी त्यांना बढती जरा उशिरा मिळाली आणि झोप मात्र कायम शांत लागली.

हीच सवय त्यांना पन्नाशीला टेकल्यावर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आडवी आली.

दक्षिण दिल्लीतल्या एका कॉलेजात दर रविवारी, दूरशिक्षणाने पदवी करणाऱ्यांसाठी जीवशास्त्राची प्रयोगशाळा भरायची. सूक्ष्मदर्शकातून जे दिसेल ते कागदावर आखलेल्या वर्तुळात काढायचं आणि अरोरा मॅडमना दाखवायचं. वर्गातली तरुण मंडळी हुशार होती. ती सूक्ष्मदर्शकात एकदा डोकावायची आणि पुस्तकात बघून देखणं चित्र काढायची. कृष्णातराव मात्र तासभर नळीला डोळा लावून बसायचे आणि शेवटी मॅडमपुढे कोरं वर्तुळ ठेवायचे.

“सूबेदार साहब, यह क्या है?”

“कुछ नहीं दिखा, मैडम. तो कुछ नहीं बनाया.”

अरोरा मॅडमनी पंचवीसएक वर्षं शिकवलं होतं. खोटी चित्रं त्यांनी पोत्यांनी पाहिली होती. खरं कोरं वर्तुळ पहिल्यांदाच पाहत होत्या. गुण द्यावेत की कापावेत हे त्यांना कळेना. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘प्रामाणिक’ असं लिहिलं आणि गुण कापले.

आता हा गडी या भानगडीत पडलाच कसा? शाहूवाडी तालुक्यातला, मलकापुरात सायन्सने बारावी झाल्या झाल्या भरती झालेला. तर झालं होतं असं, की डोंगरातल्या एका ठाण्यावर त्यांचा अंगठा तापलेल्या शेगडीला चिकटला आणि वरची कातडी सोलून निघाली. पलटणीच्या डॉक्टरने मलम लावलं आणि म्हणाला, ‘नवीन पेशी येतील, काळजी नको.’ आल्या. आल्या त्या आल्या, वर अंगठ्यावरच्या रेषा जशा होत्या तशाच घेऊन आल्या! पुढे पेन्शनच्या वेळी अंगठा टेकवला तर यंत्राने हिरवा दिवा लावून ‘हो, हेच खोत’ असं कबूल केलं. कृष्णातराव खिडकीवरून हलेचनात. आतल्या कारकुनाला विचारू लागले, “साहब, नयी चमड़ी को पुराना नक्शा किसने बताया?” कारकून म्हणाला, “नेक्स्ट.”

एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंच उत्तर मिळाल्यावर माणूस दुसरं काय करणार? त्याने पेन्शनीत बी.एस्सी.ला नाव घातलं.

बायको शेवंताबाई या निर्णयावर दोन दिवस हसत होत्या. तिसऱ्या दिवशी गंभीर झाल्या. पालमला दोन खोल्यांचं घर, कॅन्टोन्मेंटच्या कुंपणाला लागून. आजूबाजूला सगळे निवृत्त फौजी, आणि प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीत सुरक्षेचा साहेब. कृष्णातरावांसाठीसुद्धा गाझियाबादच्या एका मोठ्या सोसायटीत जागा धरून ठेवलेली. शेवटी नवरा-बायकोत करार झाला. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला पास झाले तर पुढे शिकायचं. नापास झाले तर पुस्तकं गाठोड्यात बांधायची, गाझियाबादला गेटवर उभं राहायचं आणि आत येणाऱ्या गाड्यांना सॅल्यूट ठोकायचा.

“आणि मग पेशीबिशी माझ्याम्होरं काढायच्या न्हाईत,” शेवंताबाईंनी कलम वाढवलं.

“न्हाई काढणार,” असं म्हणताना सुभेदारांचा आवाज जरा बसला होता.

प्रॅक्टिकलला येणार काय, हे मॅडमनी आधीच सांगून टाकलेलं होतं: कांद्याचं मूळ घ्या, त्याची स्लाइड करा, आणि विभागत असलेली एक तरी पेशी शोधून, काढून दाखवा. एका पेशीच्या दोन होताना. इथे कृष्णातरावांचे कान टवकारले. त्यांच्या अंगठ्यात जे झालं, तेच बघायला मिळणार होतं!

पण बघण्याची पहिली अडचण त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात होती. कृष्णातराव पलटणीतले नावाजलेले नेमबाज. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला उजवा डोळा लावला की डावा आपोआप घट्ट मिटायचा. श्वास आपोआप थांबायचा. खांदे आवळले जायचे. उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलाखाली घोडा शोधू लागायचं. असं अर्धं मिनिट गेलं की चेहरा लालबुंद व्हायचा, भिंगावर घामाचं धुकं धरायचं, आणि मग अचानक जोराचा उच्छ्वास. शेजारच्या टेबलावरचे टिपकागद उडायचे.

त्यांच्या टेबलाची भागीदार होती सृष्टी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली मराठी मुलगी, वडील कुठल्याशा मंत्रालयात. आठवडाभर ती करोल बागेत सरकारी परीक्षांचे क्लास करायची आणि रविवारी बी.एस्सी. जन्म दिल्लीतला, त्यामुळे तिचं मराठी मेट्रोसारखं होतं: मधेच जमिनीखाली जायचं आणि हिंदीत वर निघायचं.

“काका, तुम्ही श्वास का रोकता? बेहोश होऊन जाल ना यार!”

“श्वास सोडला की नेम हलतो, पोरी.”

“पण कोणाला मारायचं आहे?”

मागून अरोरा मॅडमचा आवाज आला, “सूबेदार साहब, दुश्मन नहीं है. प्याज़ है.”

सगळी लॅब हसली. कृष्णातरावही हसले, आणि हसता हसता दोन्ही डोळे उघडे राहिले. मॅडमनी तेवढ्यात त्यांची मान धरून नळीवर ठेवली. “बस, ऐसे ही. दोनों आँखें खुली. साँस लेते रहिए.” सुभेदारांना पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. काळं, वाकडं, दाट गवत. त्यांनी ताबडतोब वर्तुळात काढलं. मॅडमनी पाहिलं आणि सांगितलं की ही तुमची पापणी आहे. पण चित्र उत्तम आहे.

पुढच्या एकदोन रविवारी पापणी बाजूला झाली आणि कांद्याच्या सालीच्या पेशी दिसू लागल्या: विटांच्या भिंतीसारख्या, एकीला एक लागून. त्या दिवशी ते मेट्रो बदलायला उतरले आणि विटांच्या भिंतीकडे बघत उभेच राहिले. मग मॅडमनी फर्मान काढलं की परीक्षेसाठी प्रत्येकाने घरी कांद्याला मुळं आणायची. एक काचेचा ग्लास, वर कांदा, बुडाला जेमतेम पाणी लागेल असा. मुळं बोटाच्या पेरापेक्षा लांब झाली की घेऊन या.

कृष्णातरावांनी खिडकीत ग्लास लावले. फेब्रुवारीचं कोवळं ऊन त्यांच्यावर पडेल अशी जागा निवडली. चारपाच दिवसांत मुळं फुटली. पांढरी, नाजूक, ओलसर. एक लांब, एक आखूड, एक वाकडं, एक तर सरळ बाजूच्या मुळाच्या अंगावर पडलेलं. सुभेदारांना पहिल्या दिवशी कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी खुपू लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर रंगरुटांचे केस एका रेषेत भादरून घेतले, ज्याच्या घरी चपलासुद्धा सावधान उभ्या असतात, त्याने हे झिपरं ध्यान रोज सकाळी बघायचं तरी कसं?

त्यांनी बारीक कात्री आणली, कांदा उचलून डोळ्यांसमोर धरला आणि सगळी मुळं एका रेषेत कापली.

शेवंताबाई चहा घेऊन आल्या. “अवो, काय चाललंय?”

“कटिंग.”

“कांद्याची?”

“रविवारी घेऊन जायचाय. मॅडमम्होरं असा झिपऱ्या वाढवून न्हेऊ?”

“दाढी पण करा मग त्याची,” म्हणून शेवंताबाई आत गेल्या आणि बराच वेळ त्यांचं हसू भांड्यांच्या आवाजातून येत राहिलं.

दुसऱ्या सकाळी सुभेदारांनी पाहिलं तर चमत्कार! कापलेलं एकही मूळ रेषेच्या पुढे गेलेलं नव्हतं. चारदोन नवी फुटली होती, तीही त्यांनी रेषेत आणली. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं. “बघ. याला म्हणत्यात शिस्त लागणं. माणसांना महिनाभर लागतो, कांद्याला एक रात्र.”

रविवारी ते ग्लास दोन्ही हातांत धरून मेट्रोने निघाले. तपासणीच्या दारातल्या जवानाने विचारलं, “अंकल, यह क्या?” सुभेदारांनी छाती काढून सांगितलं, “प्रैक्टिकल.” जवानाने कांद्याखालच्या त्या तंतोतंत रांगेकडे पाहिलं आणि त्यांना आदराने पुढे जाऊ दिलं. फौजीला फौजीचं काम ओळखू येतं.

लॅबमध्येही सगळे बघतच राहिले. बाकीच्यांच्या ग्लासांत जटा लोंबत होत्या. सृष्टीच्या कांद्याची मुळं तर घरातल्या झाडूसारखी सगळीकडे पसरलेली. “काका, तुमचा ओनियन किती सुंदर आहे!” ती म्हणाली, तेव्हा सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला.

मुळं कापून मद्यार्क आणि आम्लाच्या मिश्रणात टाकायची; पुढच्या रविवारी रंगवायची. तसं केलं. पुढच्या रविवारी मुळाचं टोक पातळ आम्लात मऊ केलं, लाल रंगात ठेवलं, काचपट्टीवर घेतलं, वर काचेचा पातळ तुकडा, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. कृष्णातरावांच्या अंगठ्याखाली पहिली काच फुटली. दुसरी फुटली. मॅडम म्हणाल्या, “प्यार से, सूबेदार साहब.” तिसरी टिकली.

मग ते बघत बसले. दोन्ही डोळे उघडे, श्वास चालू. पेशी दिसत होत्या, अगदी स्पष्ट. लांबट, शांत, प्रत्येकीत एकेक लाल ठिपका. पण विभागणारी एक नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनी रांगेने पाहिलं, गस्त घालावी तसं, डोळ्यात तेल घालून. पुन्हा दुसरी स्लाइड केली. पुन्हा गस्त. सगळ्या पेशी झोपलेल्या. इकडे सृष्टी दर मिनिटाला ओरडत होती, “अजून एक! काका, अजून एक मिळाली!”

वेळ संपली. सुभेदारांचं वर्तुळ कोरं होतं आणि परीक्षा दोन रविवारांवर आली होती.

ते उठले, कोरा कागद घडी करून खिशात ठेवू लागले. सृष्टीला राहवलं नाही. “काका, माझी स्लाइड बघा ना. तीच काढा. कोणाला पता लागेल?”

“मला लागंल की.”

“अच्छा, मग मला एक सांगा. तुम्ही मुळं एवढी बराबर कशी उगवली? माझी तर अशी कधी होत नाही.”

कृष्णातरावांनी कात्रीची हकीकत सांगितली. रोजची हजामत, एक रेष, शिस्त. सांगताना त्यांच्या आवाजात निराशेतही जरा अभिमान होता. सृष्टीने आधी दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि मग टेबलावर डोकं टेकवून ती जी हसत सुटली, ती मॅडम येईपर्यंत थांबेचना.

“मॅम, काका ने... काका ने प्याज़ का हेयरकट कर दिया!”

अरोरा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या स्टूल ओढून सुभेदारांसमोर बसल्या आणि सृष्टीच्या कांद्याचं एक उरलेलं मूळ तळहातावर घेतलं. नखाने त्याचं टोक दाखवलं. तांदळाच्या कणीपेक्षाही छोटं, जरासं पिवळसर.

“बस, इतना सा,” त्या म्हणाल्या. “पूरी जड़ में बँटवारा सिर्फ़ यहीं होता है. बाक़ी सब पुरानी कोशिकाएँ हैं, बन चुकी हैं, अब बस लंबी होती हैं. बढ़ने का सारा काम इस नोक में. आपने रोज़ सुबह वही काट कर फेंक दी.”

कृष्णातराव त्या कणीकडे बघत राहिले. म्हणजे ती शिस्त नव्हती. कापलेली मुळं पुढे गेली नाहीत, कारण पुढे नेणारं त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. त्यांनी रोज सकाळी, चहाच्या आधी, आख्खी आघाडीची तुकडी कापून नळाखाली वाहून जाऊ दिली होती. त्यांना एकदम ओशाळं वाटलं, आणि त्याच वेळी नवलही. जमीन फोडून पाण्यापर्यंत जाणारं सगळं बळ एवढ्याशा कणीत? दगडाच्या फटीत शिरलेली वडापिंपळाची मुळं त्यांनी किती डोंगरांत पाहिली होती. ती सगळी अशीच, पुढे एक कणी घेऊन?

“मैडम, इतने में?” त्यांनी विचारलं.

“इतने में,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही, एवढी वर्षं शिकवून, ते म्हणताना जरा हळूच म्हणावंसं वाटलं.

घरी येऊन सुभेदारांनी नवे कांदे लावले. आणि मग सुरू झाली त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कठीण ड्यूटी: काहीही न करणं. मुळं आली. वेडीवाकडी आली. एक तर ग्लासच्या काचेला चिकटून वर वळलं. सुभेदार सकाळी खिडकीशी उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. बोटं एकमेकांत वळवळायची. शेवंताबाईंनी दोन दिवस ते पाहिलं आणि घरातल्या सगळ्या कात्र्या पिठाच्या डब्यात लपवल्या.

“अगं, न्हाई कापणार मी.”

“तुमच्यावर भरवसा हाय. तुमच्या हातावर न्हाई,” शेवंताबाई म्हणाल्या. मग त्याही क्षणभर ग्लासाजवळ थांबल्या. “काल एवढं नव्हतं न्हवं हे?”

“न्हाई.”

“कवा वाढलं? मी तर इथंच हुते.”

“तेच तर बघायचंय,” कृष्णातराव म्हणाले. शेवंताबाई पदराने ग्लासची बाहेरची काच पुसून गेल्या.

रविवारी सकाळी लॅबमध्ये मुळांची टोकं कापून मिश्रणात गेली. मॅडमनी समजावलं, की ज्या क्षणी मिश्रण आत शिरतं, त्या क्षणी प्रत्येक पेशी जे करत असेल ते करता करता जागीच थांबते. सुभेदारांना हे लगेच पटलं. परेड चालू असताना कुणीतरी ‘थम’ म्हणावं, आणि उचललेला पाय तसाच राहावा.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले होते, डॉ. त्यागी. चेहरा असा, की कांदाच यांना बघून रडला असता. सुभेदारांनी टोक मऊ केलं. रंगवलं. काच ठेवली, टिपकागद ठेवला, अंगठा टेकवला आणि दाबला. काच फुटली नाही, पण एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा शिरला. परीक्षेत प्रत्येकाला एकच टोक मिळालं होतं, पुन्हा करायला दुसरं नव्हतं. होतं ते एवढंच.

त्यांनी नळीला डोळा लावला. आधी लहान भिंग, मग मोठं. लहान, चौकोनी, दाटीवाटीच्या पेशी. त्या लांबट झोपलेल्यांसारख्या मुळीच नाहीत. ते कडेने सरकत निघाले. एक झोपलेली. दोन झोपलेल्या. बुडबुडा. बुडबुड्याच्या काठाशी...

एका पेशीत मधोमध लाल काड्या, पुस्तकातली ती गुणसूत्रं, उभ्या होत्या. एका रेषेत, खांद्याला खांदा लावून, जशा काही फॉलिन झालेल्या. कुणी कात्री लावली नव्हती, कुणी ओरडलं नव्हतं. कृष्णातरावांचा हात आपोआप भिंगाच्या चाकावरून निघाला आणि पँटच्या शिवणीला चिकटला. त्यांनी काचपट्टी किंचित सरकवली. शेजारच्याच पेशीत तीच काड्यांची रांग दोन तुकड्यांत फुटली होती, अर्धी या टोकाकडे, अर्धी त्या टोकाकडे, निघालेली, वाटेत थांबलेली. इकडे जितकी, तितकीच तिकडे. एक काडीही मागे राहिलेली नाही, एकही चुकीच्या बाजूला गेलेली नाही. आणि त्यांच्यामागे, पुढे, सगळीकडे अशाच; एक रांग धरत होती, एक फुटत होती, एकीच्या मध्ये नवी भिंत उभी राहत होती. मेलेल्या होत्या सगळ्या, थांबलेल्या होत्या, तरी त्यांना त्या चालताना दिसत होत्या. एवढी मोठी परेड, आणि हुकूम देणारा कुठेच नाही. त्यांनी आयुष्यभर हुकूम दिले होते आणि घेतले होते. हे असं, बिनआवाजाचं, ते पहिल्यांदा बघत होते. आणि ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत चाललेलं होतं. शेवंताबाईंच्या हातांत, सृष्टीच्या केसांच्या मुळांत, डॉ. त्यागींच्या त्या आंबट चेहऱ्यातसुद्धा चाललेलं होतं.

“काका,” सृष्टी कुजबुजली, “टाइम होतोय. ड्रॉ करा ना!”

सुभेदारांनी डोळा न काढता हाताने चाचपडत पेन्सिल घेतली.

डॉ. त्यागी टेबलापाशी आले तेव्हा चित्र नुकतंच पुरं झालं होतं. त्यांनी कागद उचलला. भुवया जवळ आल्या.

“यह गोला क्या है?”

“बुलबुला है, साहब. हवा घुस गयी.”

“बुलबुला कोई बनाता है?”

“था, साहब.”

परीक्षकांनी कागद खाली ठेवला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. पाहिलं. कागदाकडे पाहिलं. पुन्हा नळीत पाहिलं, आणि या वेळी वाकले ते वाकलेच. बुडबुडा जिथे काढला होता तिथेच होता, आणि त्याच्या काठाशी त्या दोन पेशी. सुभेदार सावधान उभे. सृष्टीने बोटं एकमेकांत गुंफलेली. शेवटी साहेब सरळ झाले, आणि त्यांच्या चेहऱ्याची एक घडी उलगडली.

“कितने साल बाद ढंग से देखा,” ते कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे. कागदावर आकडा मांडून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

सगळ्या टेबलांचं आटोपल्यावर कृष्णातराव व्हरांड्यात आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

“अगं शेवंता, ऐक. आधी मधोमध फॉलिन हुत्यात. सगळ्या. एका रेषेत. आणि मग दोन तुकड्या...”

“अवो, पास का नापास?”

“काय?”

“पास झालासा का नापास? गाझियाबादला काय कळवू?”

सुभेदारांनी दाराकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. “ते बघायचं ऱ्हायलं,” ते म्हणाले.

सृष्टी कागदावरचा आकडा बघून मागून धावत आली, त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि ओरडली, “काकू, पास! बिल्कुल पास! सगळ्यांच्यात टॉप!”

तिकडून शेवंताबाई काय म्हणाल्या ते तिला ऐकूच आलं नाही, कारण तोवर काकांनी फोन परत घेतला होता आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं होतं. “...तर दोन तुकड्या. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. आणि शेवंता, मला एक सांग, त्यांना निघा म्हणून सांगत कोण आसंल?”